मांडवा ते रत्नागिरी, खाड्या ओलांडत सायकलने: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थंडीच्या दिवसांत आमचा ग्रुप किनाऱ्याकिनाऱ्याने मांडव्याहून रत्नागिरीला जातो. चार दिवस, चार फेरीबोटी. डांबर, तांबडी माती, जांभ्याची खडी आणि पुळण (किनाऱ्याची वाळू) असं सगळं चाकाखाली येतं. नाव नोंदवण्याआधी लोक जे विचारतात ते इथे आहे. जे विचारायला हवं आणि कुणीच विचारत नाही, तेही टाकलं आहे.

मार्ग नेमका कसा आहे?

पहिला दिवस: मांडवा, अलिबाग, रेवदंड्याला कुंडलिकेवरचा पूल, कोर्लई, काशीद, मुरूड, आगरदांडा. तिथून राजपुरीची खाडी बोटीने ओलांडून दिघी, आणि मुक्काम दिवेआगर.

दुसरा दिवस: शेखाडी, कोंडिवली, आरावी करत श्रीवर्धन, मग हरिहरेश्वर आणि बागमांडला. इथे सावित्रीची खाडी. पलीकडे वेसवीला उतरलात की रायगड जिल्हा संपून रत्नागिरी सुरू होतो. बाणकोट, वेळास करत मुक्काम केळशी.

तिसरा दिवस: उटंबर, आडे, पाडले, आंजर्ले, जोग नदीवरच्या पुलाने हर्णै, दापोली तालुक्यातलं मुरूड, कर्दे, लाडघर, कोळथरे, दाभोळ. वाशिष्ठी ओलांडून धोपावे आणि मुक्काम गुहागर.

चौथा दिवस: पालशेत, वेळणेश्वर, हेदवी, रोहिले, तवसाळ. शास्त्रीची खाडी ओलांडून जयगड, मग मालगुंड, गणपतीपुळे, आरे-वारे, रत्नागिरी.

एकूण अंतर तीनशे ते सव्वातीनशे किलोमीटर. कोण किती वेळा समुद्र बघायला आत वळतं, त्यावर आकडा हलतो.

दिवसाला ७०-९० किलोमीटर म्हणजे फार नाही. मग चार दिवस कशाला?

हा प्रश्न बहुतेक वेळा रोज सकाळी हायवेवर पन्नास किलोमीटर मारणाऱ्यांकडून येतो. नकाशावर हा रस्ता समुद्रालगत दिसतो, म्हणून सपाट वाटतो. प्रत्यक्षात प्रत्येक गाव खाली खाडीच्या किंवा समुद्राच्या तोंडाशी आहे आणि दोन गावांच्या मध्ये सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार आहे. गावातून निघालं की चढ, वर सड्यावर उघडं ऊन, पुन्हा तीव्र उतार, खाली नारळी-पोफळीची सावली, आणि सावलीत जरा बरं वाटतंय तोवर पुढचा चढ. एकही चढ सिंहगडाएवढा मोठा नाही, पण ते संपतही नाहीत. तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी दिवसभराच्या चढाची बेरीज हजार मीटरच्या वर जाते.

त्यात बोटी. बोट सुटायला पाच मिनिटं उशीर झाला तर पुढची कधीकधी तासाभराने. म्हणून आमचं वेळापत्रक किलोमीटरवर बेतलेलं नाही, चार धक्क्यांवर बेतलेलं आहे. पुढचे तीन जण चाळीस मिनिटं आधी पोचले तरी बोट सगळ्यांची एकच. धक्क्यावर कोकम सरबत पीत बसावं लागतं, बाकी काही मिळत नाही. ज्यांना याचा त्रास होतो त्यांनी खरंच दुसरी राइड बघावी.

हे बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड, म्हणजेच ब्रेव्हे) म्हणून धरलं जातं का? प्रमाणपत्र?

नाही आणि नाही. दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेला साडेतेरा तासांची मर्यादा असते. इथे ताशी सरासरी १३-१५ पडते आणि त्यातही बोटींचा वेळ धरलेला नाही.

तारखा शनिवार-रविवारला जोडून का नसतात?

कारण त्या आम्ही कॅलेंडरवरून ठरवत नाही, पंचांगावरून ठरवतो.

कोकणात भरतीची वेळ काढायची जुनी रीत आहे: तिथीची पाऊणपट करायची. द्वितीयेला दीड, म्हणजे साधारण दीड वाजता पूर्ण भरती. भरतीपासून ओहोटी सहा तासांच्या थोडी वर, त्यामुळे द्वितीयेला सकाळी साडेसातच्या सुमारास पाणी सगळ्यात आत गेलेलं असतं. तृतीयेला सव्वाआठ, चतुर्थीला नऊ. ठिकाणागणिक वेळ मागेपुढे होते, पण कुठल्या बाजूला चाललीय ते कळायला हा हिशेब पुरतो.

आता आमचे मुक्काम बघा. दिवेआगर, केळशी, गुहागर. तिन्ही ठिकाणी लांबलचक पुळण, आणि तिन्ही ठिकाणी आम्ही सकाळी निघतो. पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी मांडवा सोडलं की दिवेआगरला द्वितीया मिळते, केळशीला तृतीया, गुहागरला चतुर्थी. तिन्ही सकाळी पाणी उतरलेलं. शिवाय उधाणाचे दिवस असल्याने समुद्र आत जातोही जास्त. हीच राइड अष्टमीच्या आसपास काढली तर सकाळी सहा-साडेसहाला पाणी सुरूच्या झाडांजवळ आणि ओहोटी ऐन दुपारी, तीही भांगाची, म्हणजे उघडी पडणारी पुळण अरुंद. मग पुळणीवरून जायचंच कशाला, रस्ता आहे की.

सुट्टी काढायला लागते हे मान्य. एक फायदा असा की शनिवार-रविवारी अलिबाग ते मुरूड रस्त्यावर मुंबईच्या गाड्यांची जी रांग असते ती टळते. २५ डिसेंबर ते १ जानेवारी या आठवड्यात तिथी कितीही चांगली असली तरी आम्ही जात नाही. खोल्या मिळत नाहीत, आणि बोटीवर गाड्या चढवताना सायकलवाल्यांना कोणी विचारत नाही.

पुळणीवर सायकल खरंच चालते?

ओल्या, घट्ट पट्ट्यावर चालते, आणि मजेत चालते. कोरड्या वाळूत कुठलीच चालत नाही. दोन्हींच्या मधला पट्टा फसवा असतो. वरून टणक दिसतो आणि पुढचं चाक अचानक रुततं.

काही गोष्टी ध्यानात ठेवा. गिअर हलका, पाय एका लयीत, हँडल सैल. वळायचं तर मोठ्या वर्तुळात. पुढचा ब्रेक विसरा. गावातून येणारा पऱ्या जिथे पुळणीवरून समुद्राला मिळतो तिथे वाळू पोकळ असते. दहा पावलं आधी उतरा आणि सायकल उचलून पलीकडे न्या. पाण्यातून झोकात जाताना फोटो चांगला येतो, पण खारं पाणी चाकाच्या हबमध्ये आणि पेडलच्या आसाच्या बॉटम ब्रॅकेटमध्ये शिरतं आणि त्याचं बिल महिन्याभराने येतं.

भरतीच्या रेषेच्या वर, सुरूच्या बाजूच्या कोरड्या वाळूत जायचं नाही. या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं थंडीत अंडी घालायला येतात आणि घरटी त्याच पट्ट्यात असतात. वेळासला तर सायकल पुळणीवर नेतच नाही. रस्त्यावर लावून चालत जाऊन यायचं. केळशीच्या वाळूच्या टेकडीवरही सायकल चढवायची नाही. एखाद्या गावाने पुळणीवर वाहनं नकोत असं ठरवलं असेल तर सायकल त्यात येत नाही वगैरे वाद घालू नका.

माझी सायकल चालेल का?

टायर ३५ मिलिमीटरच्या वर असेल तर बहुधा चालेल. ग्रॅव्हल बाइक, ३८-४२ टायरची हायब्रिड, साधी एमटीबी, तिन्ही चालतात. एमटीबी जरा जड जाते, पण आडे-पाडल्याच्या उतारांवर तिचा मालक सगळ्यात निवांत असतो. २५-२८ टायरची रोड बाइक आणू नका. ती चालवता येते, पण चार दिवस तुम्ही फक्त रस्ताच बघाल.

टायरपेक्षा गिअरकडे लक्ष द्या. पुढची सगळ्यात लहान चकती आणि मागची सगळ्यात मोठी, दोन्हींचे दात सारखे असावेत, किंवा मागचे जास्त. ३४ ला ३४ चालेल. ५० ला २८ घेऊन येणारे चढावर चालत येतात. चालत यायला आमची हरकत नाही, फक्त बूट चालण्याजोगे हवेत.

हवा थोडी कमी ठेवा. ४० च्या टायरला ४०-४५ पीएसआय पुरतात, वजनानुसार पाच इकडे-तिकडे. जांभ्याची सुटी तांबडी खडी उतारावर गोट्यांसारखी चाकाखालून निसटते आणि टणक फुगवलेला टायर तिथे काही कामाचा नाही.

ई-बाइक चालेल. चार्जिंगची सोय मुक्कामीच होईल, दुपारी मागू नका.

काय सुटे भाग आणायचे?

दोन ट्यूब, पॅच, लिव्हर, पंप, चेन तोडायची कळ आणि क्विक लिंक. हे सगळ्यांना माहीत असतं. लोक विसरतात तो गिअर हँगर, म्हणजे मागचा गिअर फ्रेमला जोडणारा छोटा धातूचा तुकडा. तो प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, शेजाऱ्याचा बसत नाही आणि दापोलीत मिळत नाही. बोटीवर किंवा टेम्पोत सायकली एकमेकींवर रेलून ठेवल्या की तोच वाकतो. शंभर टक्के आणा.

गावातल्या पंक्चरवाल्याकडे मोटारसायकलच्या व्हॉल्व्हचा पंप असतो. तुमच्या ट्यूबला बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर अडॅप्टर जवळ ठेवा. ट्यूबलेसवाल्यांनी निघण्याआधी सीलंट ताजा भरावा. पुळणीच्या तोंडाशी बाटल्यांच्या काचा पडलेल्या असतात, आणि त्याने होणारी चीर सीलंट नेहमी बुजवतोच असं नाही. चिरेला आतून लावायला एखादा टायर बूट किंवा जुन्या टायरचा तुकडा असू द्या.

रिम ब्रेक असेल तर नवे पॅड लावून या. तांबडी धूळ ते खाऊन टाकते.

रोज संध्याकाळी सायकल गोड्या पाण्याने धुवायची, बादली आणि फडक्याने. प्रेशर जेट नको. मग चेन पुसून तेल. पंधरा मिनिटांचं काम आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी कोणाची चेन करकरते यावरून कोणी ते केलं नाही हे सगळ्यांना कळतंच.

ग्रुपमध्ये कसं चालवायचं?

हा प्रश्न खरं तर पहिला हवा.

सोळाच्या वर माणसं घेत नाही. पुढे एक जण रस्ता माहीत असलेला, सगळ्यात मागे एक जण शेपटी. शेपटीच्या मागे कोणी राहायचं नाही, पंक्चर झालं तरी. शेपटी तुमच्यासोबत थांबते. मध्ये तुम्ही हव्या त्या वेगाने, हव्या त्या जोडीने चालवा.

नियम खरा एकच, आणि तो मोडला की पुढच्या वेळी बोलावत नाही: फाट्यावर थांबायचं. कोकणात दर दोन-चार किलोमीटरवर फाटा येतो. एक रस्ता खाली वाडीत जाऊन संपतो आणि एक पुढच्या गावाला जातो, आणि पाटी असलीच तर झाडाआड असते. तुम्ही फाट्याला पोचलात की तुमच्या मागचा माणूस डोळ्यांना दिसेपर्यंत तिथून हलायचं नाही. तो दिसला, त्याने हात वर केला, की तुम्ही निघा. आता तो त्याच्या मागच्यासाठी थांबेल. एवढं पाळलं की सोळा माणसं पाच किलोमीटरवर पसरली तरी कोणी हरवत नाही. फोनवर मार्ग दाखवणारी जीपीएक्स फाइल सगळ्यांना देतो, पण खाली खाडीकाठी रेंज जाते, फोन उन्हात तापून बंद पडतो, आणि मग फाट्यावर उभा असलेला माणूसच उपयोगी येतो.

रस्ता अरुंद आहे, एकामागे एक चालवा. वळणावर एसटी आली तर तुम्ही बाजूला व्हायचं. चालक रोज याच रस्त्याने जातो, त्याला वळण माहीत आहे, तुम्हाला नाही. मागून गाडी आली की शेवटचा ओरडतो "गाडी", आणि ते पुढे पोचवायचं. खड्डा, वाळू, कुत्रा, हेही तसंच. जयगडच्या बंदरामुळे तिकडच्या रस्त्यावर मोठे ट्रक असतात. मालगुंडच्या बाजूला वळेपर्यंत तिथे फोटो नाही, गप्पा नाहीत.

हेल्मेट सक्तीचं. पुढे-मागे दिवेही, दिवसासुद्धा. पोफळीच्या दाट सावलीतून जाताना समोरून येणाऱ्याला तुम्ही दिसत नाही.

बोटीवर सायकल घेतात का?

घेतात, तिकीट किरकोळ असतं. सुटे पैसे ठेवा, ऑनलाइन पैसे जातीलच असं नाही.

पण धक्क्यावर उतरा. हे तीनदा वाचा. बोटीची फळी लोखंडी असते, ओली असते आणि तिच्यावर गाड्यांचं तेल सांडलेलं असतं. धक्क्याचा उतार ओहोटीला खालपर्यंत उघडा पडतो आणि त्या खालच्या भागावर हिरवं शेवाळ असतं. क्लीटचे (पेडलमध्ये अडकणारे) बूट घालून त्यावर पाऊल टाकलं की माणूस आधी खाली जातो, मग सायकल त्याच्यावर. क्लीटवाल्यांनी बूट काढून अनवाणी चालावं, लाजू नये. सायकल डाव्या हाताला, दोन्ही ब्रेक दाबलेले, लहान पावलं. आधी गाड्या चढू द्यायच्या की आधी आपण, हे बोटीवरचा खलाशी सांगेल. तो सांगेल तसं करायचं.

बोटीत सायकल कठड्याला बांधा. प्रत्येकाकडे एक इलॅस्टिकची दोरी असावी.

सामान, मुक्काम, जेवण?

सामान टेम्पोत. माणशी एक बॅग, आठ किलोच्या आत. टेम्पो आमच्या मागे येत नाही, तो धक्क्यावर आणि मुक्कामी भेटतो. म्हणून दिवसभर लागणारं पाणी, औषधं, पैसे आणि ट्यूब अंगावर हवं.

मुक्काम घरगुती, तीन-चार जणांना एक खोली. स्त्रियांसाठी वेगळ्या खोल्या.

जेवण सकाळीच फोनवर सांगावं लागतं, कारण कोकणातल्या घरगुती खाणावळीत माणसं मोजून भात टाकतात. शाकाहारी की मासे, हे नाव नोंदवतानाच सांगा. दिवेआगरला ऐनवेळी मन बदललं तर तुमच्या वाटची सुरमई दुसऱ्या कोणाला गेलेली असेल. सकाळी पोहे, घावन किंवा आंबोळी. दुपारी सांभाळून. हर्णैचा बाजार बघून भूक चाळवते, पण भरपेट थाळी आणि तीन वाट्या सोलकढी झाल्यावर कोळथऱ्याचा चढ अंगावर येतो. दुपारी अर्धं खा, रात्री भरपाई करा.

हवा दमट असते, घाम वाळत नाही, त्यामुळे किती मीठ गेलं ते कळत नाही. सड्यावर सावली नाही आणि दुकानही नाही. दोन बाटल्या भरून चढायचं, एकीत ओआरएस.

तयारी किती हवी?

सलग दोन दिवस ७०-८० किलोमीटर, त्यात भरपूर चढ, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सायकलवर बसावंसं वाटलं पाहिजे. पुणेकरांनी बोपदेव घाट एकाच सकाळी दोनदा करावा, ठाणेकरांनी येऊरच्या फेऱ्या माराव्यात. खराब रस्त्यावर उतरायचा सराव कोणी करत नाही. तो करा, कारण पडतात ते उतारावर.

अठराच्या वरचं कोणीही येऊ शकतं. पंधरा ते अठरा असेल तर आई किंवा वडील सोबत सायकलवर हवेत, टेम्पोत बसून नाही.

मध्येच जमेनासं झालं तर?

पुढच्या धक्क्यापर्यंत शेपटी सोबत असते, तिथून टेम्पो. घरी जायचं असेल तर मुरूड, श्रीवर्धन, मंडणगड, दापोली, गुहागर इथे एसटीचे आगार आहेत. सायकल टेम्पोतून रत्नागिरीला येईल. दुखावलेला गुडघा घेऊन चौथा दिवस पूर्ण करण्यात काही शौर्य नाही.

अपघात झाला तर १०८. प्रथमोपचाराची पेटी शेपटीकडे असते. तुमची नेहमीची औषधं, रक्तगट आणि घरच्यांचा नंबर एका कागदावर लिहून जर्सीच्या मागच्या खिशात ठेवा.

साप, विंचू, कुत्री?

सड्यावर फुरसं असतं. लहान, मातीच्या रंगाचं, आणि बाजूला सरकत नाही. लघवीला गवतात किंवा दगडांच्या गडग्याजवळ जाताना खाली बघा, गडग्यावर हात टेकू नका. सकाळी बूट झटकून घाला, विंचवासाठी. दंश झालाच तर कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, सरळ सरकारी दवाखाना. कुत्र्यांसाठी उपाय एकच, उतरून सायकल मध्ये धरून चालायचं.

पोहता येईल का?

ग्रुपसोबत असताना नाही. काशीद आणि गणपतीपुळ्याला माणसं बुडाली आहेत, पोहता येणारीसुद्धा. पाय भिजवा.

देवळांत जाता येतं?

हरिहरेश्वर, हेदवी, गणपतीपुळे तिन्ही वाटेवर आहेत. सायकलच्या घट्ट चड्डीवर आत जाऊ नका. पातळ पायजमा किंवा लुंगी हँडलबारच्या पिशवीत मावते. आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीचा चढ ज्यांना जादा हवा त्यांच्यासाठी आहे, बाकीचे खाली थांबतील.

मांडव्याला पोचायचं कसं?

मुंबईकरांनी भाऊच्या धक्क्यावरून २०२० साली सुरू झालेली रो-रो बोट धरावी, त्यात सायकल नेता येते. पुण्याहून येणाऱ्यांनी आदल्या रात्री अलिबागला मुक्कामी यावं. पहाटे ताम्हिणी उतरून गाडीने येतो म्हणणारे नेहमी शेवटचे पोचतात.

आणि रत्नागिरीहून परत?

कोकण रेल्वेने. तुमचं तिकीट तुम्ही काढायचं, तेही रात्रीच्या गाडीचं, कारण आरे-वारेच्या चढावर कोणाला तरी वेळ लागतोच. स्टेशन शहराच्या बाहेर कुवारबावच्या बाजूला आहे आणि तिथपर्यंतही चढच आहे, आधी सांगून ठेवतो. सायकल लगेज म्हणून ब्रेक व्हॅनमध्ये जाते. तिकीट आणि ओळखपत्राची झेरॉक्स घेऊन पार्सल ऑफिसला गाडीच्या बरंच आधी जा. पेडल काढा, हँडल वळवा, गिअरच्या बाजूला पुठ्ठा बांधा, नाव आणि फोन नंबर दोन ठिकाणी लिहा. सगळ्यांनी एकच गाडी धरली तर सोळा सायकली त्या डब्यात मावतीलच असं नाही, म्हणून दोन गाड्यांत वाटून घेतो. कोण कुठल्या गाडीने, ते तिसऱ्या रात्री गुहागरला जेवताना ठरतं.